सालदाराच्या पोराची टीम

पांढुर्ण्यात प्रकाशला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, पण ती ओळख काही फार मानाची नव्हे. नगरपालिकेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, हे त्याचं काम. नळ वेळेवर आले तर ते नगरपालिकेनं सोडले आणि उशिरा आले तर प्रकाशनं अडवले, असा सगळ्या गावाचा सरळ न्याय. सकाळी तो सायकलवरून निघाला की बाया बादल्या घेऊन दारातूनच त्याचा उद्धार करायच्या, आणि हा बापडा "येते न वहिनी, येऊन राहिलं पाणी" म्हणत पुढं सरकायचा. त्याच्या भागात एक शेवटची गल्ली होती. तिथं पाणी नेहमी बारीक यायचं, आणि तिथले लोक तक्रार करायला कधी जायचे नाहीत. बाकीचे वॉर्ड ओरडून ओरडून आपलं पाणी वसूल करायचे. म्हणून या गल्लीचा व्हॉल्व्ह प्रकाश जरा जास्त वेळ उघडा ठेवायचा. त्याला तसं कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी कधी विचारलंही नाही.

असा हा माणूस. त्याला पन्नाशी उलटल्यावर बेसबॉलचं याड लागलं म्हटलं तर कोणाचा विश्वास बसेल? आणि तेही कसलं बेसबॉल, तर ज्यात बॅट हातात धरायची नाही, बॉल फेकायचा नाही, घाम तर मुळीच गाळायचा नाही! कॉम्प्युटरवरचा खेळ तो. त्यात आपण टीम चालवायची. कोणाला घ्यायचं, कोणाला खेळवायचं, कोणाला घरी बसवायचं, एवढं आपण ठरवायचं. सामने कॉम्प्युटरच खेळून टाकतो आणि संध्याकाळी हरलो की जिंकलो ते सांगतो. प्रकाशचा मुलगा प्रतीक नागपूरला इंजिनिअर झाला, तिथल्या दोस्तांनी मिळून अशी एक लीग काढली होती. लॉकडाऊनमध्ये पोरगा घरी अडकला तेव्हा त्यानं वेळ जात नाही म्हणून बापाला शेजारी बसवलं. पुढं पुण्याला नोकरी लागली, तेव्हा जुना कॉम्प्युटर आणि टीमचा अर्धा कारभार बापाच्या हवाली करून तो गेला. टीमचं नाव ठेवताना प्रतीकच्या डोक्यात काही वाघ-सिंह फिरत होते. प्रकाश म्हणाला, "रामाकोना ठेव." सौंसरजवळचं रामाकोना म्हणजे प्रकाशचं मूळ गाव. त्यामुळं लीगमध्ये कोणी टायगर, कोणी वॉरियर, आणि त्यांच्यात हे आपलं साधं रामाकोना.

आता खरं सांगायचं तर प्रकाशला बेसबॉलचं काडीचं कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते फोनचं. टीम येण्याआधी या बापलेकांचं फोनवरचं बोलणं कसं चालायचं ते ऐका. "जेवला काय?" "हो." "तब्येत बरी आहे न?" "हो पप्पा." "मंग मम्मीले देऊ?" "द्या." संपलं! पोटात खंडीभर माया आणि तोंडातून निघायचं एवढंच. पोराशी काय बोलावं हे प्रकाशला तरी कोणी शिकवलं होतं? त्याचा स्वतःचा बाप, गुलाब, दिवसभरात चार शब्द बोलला तरी खूप.

टीम आली आणि रोज संध्याकाळी फोन खणखणायला लागला. "पप्पा, आज पुन्हा हरलो न?" "अरे, त्या डावखुऱ्याले तू काऊन खेळवला? मी म्हनलो होतो न, त्याले बसव म्हनून!" दोघं तावातावानं भांडायचे. प्रकाशची बायको शोभा भाकरी थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, "सासू-सुनेचं इतकं भांडन होत नाही बापा." प्रकाशला वाटायचं, होऊ दे भांडण. टीम आहे तोवर पोरगा बोलतो आहे. टीम गेली की पुन्हा 'जेवला काय' आणि 'मम्मीले देऊ'. ही भीती त्याच्या मनात ठाण मांडून बसली होती, आणि ती त्यानं शोभालाही सांगितली नव्हती.

कॉम्प्युटरचा उजेड पडला की म्हातारा गुलाब आपली प्लॅस्टिकची खुर्ची फरफटत आणायचा आणि पार मागं, दाराजवळ, टेकवून बसायचा. डोळ्यांत मोतीबिंदू, कान अर्धे गेलेले, इंग्रजीचा तर गंधही नाही. प्रकाश वैतागायचा. "बा, तुले काय समजते यातलं? पडून राह्य न जरा." म्हातारा म्हणायचा, "बसतो." आणि बसायचा. म्हाताऱ्याला उजेड आवडत असेल, अशी प्रकाशनं आपली समजूत करून घेतली होती.

या खेळात वर्षातून एकदा नवी पोरं येतात. शाळा-कॉलेजात हौसेनं खेळणारी, खेळातून अजून एक पैसा न कमावलेली. सगळ्या टीमांनी पाळीपाळीनं ती निवडायची. पण निवडलं म्हणजे पोरगा आपला झाला, असं नाही. त्याच्याशी करार करावा लागतो, त्यानं सही करावी लागते. नव्या पोरांना द्यायला प्रत्येक टीमजवळ ठरावीक रक्कम असते, तिच्यातच सगळं भागवायचं. पहिल्या पाळीतली पोरं गुणी आणि तोऱ्याची. 'इतके द्या, नाहीतर मी चाललो कॉलेजात,' असं त्यांच्या नावापुढं लिहूनच येतं, आणि मुदतीत सही झाली नाही तर खरंच जातात. शेवटच्या पाळीतल्या पोरांच्या नावापुढं मात्र मागणीच नसते. जे द्याल ते घेईन, अशा अर्थाची एक ओळ असते, बस. शहाणा माणूस काय करतो? पहिल्याशी घासाघीस करतो आणि शेवटच्यांच्या हातावर चिरीमिरी टेकवून मोकळा होतो. सगळी लीग असंच करायची.

प्रकाशनं मागच्या वर्षी नेमकं उलटं केलं. त्यानं शेवटून सुरुवात केली. ज्यांनी काही मागितलं नव्हतं त्या एकेका पोराला ओंजळ भरून दिलं, आणि पहिल्या पोराची पाळी आली तेव्हा तिजोरीत खडखडाट! तो पोरगा कॉलेजात निघून गेला. लीगमध्ये हसून हसून पोरांच्या मुरकुंड्या वळल्या. कोणीतरी टीमचं नाव 'रामाकोना धर्मशाळा' पाडलं.

प्रतीक तर पिसाळलाच. "पप्पा, ते कमीतच घेनार होते हो! मांगतलंच नव्हतं त्याहिनं!"

"मांगतलं नाही म्हनून काय झालं?"

"अहो, खरे पोट्टे नाहीत ते!"

शोभानं पलीकडून तोंडसुख घेतलंच. "त्या कॉम्प्युटरमधल्या पोट्ट्याहिले भूक लागते काय? इथं माह्या घरचा मिक्सर बिघडून पडला, तो दिसत नाही यायले. तिथं मात्र दानधरम चालू आहे!" प्रकाशनं कॉम्प्युटर बंद केला. त्याच्यापाशी उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

लीगचा कारभार पाहायचा प्रतीकचा वर्गमित्र कुलदीप. पोरगा चांगला, पण शिस्तीचा कडक. टीम मिळावी म्हणून बाहेर कितीतरी जण ताटकळत होते. त्यानं सरळ कळवलं की पुढच्या वर्षी पहिला पोरगा पुन्हा हातचा घालवला, तर रामाकोना दुसऱ्याला देण्यात येईल. वर 'काका, वाईट वाटून घेऊ नका' असंही लिहिलं. वाईट वाटून घेऊ नका म्हणे! प्रकाशला त्या रात्री जेवण गेलं नाही.

बघता बघता वर्ष फिरलं. यंदा पहिल्या पाळीत रामाकोन्याच्या वाट्याला आला एक उंच, हडकुळा, तुफान बॉल फेकणारा पोरगा. त्याचं नाव काही प्रकाशच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यानं त्याला लंबू करून टाकलं. लंबूची मागणी त्याच्या उंचीला शोभणारी होती. रविवारी संध्याकाळी मुदत संपत होती, आणि प्रतीकला नेमकं रविवारीच ऑफिसनं बोलावलं. त्यानं बापाला फोनवर पढवून ठेवलं.

"पप्पा, पहिले लंबूले कमी सांगजा. तो नाही म्हनन. मंग थोडं वाढवजा. तरी नाही म्हनन, मंग अजून थोडं. ऐकते तो शेवटी. बाकीच्याले कमीत कमी जे असन ते द्या आन् मोकळे व्हा. लंबू गेला तर टीम गेली पप्पा. समजलं न?"

"समजलं रे बापा. लहान आहो काय मी?"

रविवारी प्रकाश आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून कॉम्प्युटरसमोर बसला. शोभा हसली, "कोनाची पोरगी पाह्याले चालले?" मागं गुलाबची खुर्ची फरफटली. प्रकाशनं लंबूच्या नावावर बोट ठेवलं, कमी आकडा टाकला, आणि पाठवायच्या आधी नकळत तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "बोल, काय घेशीन?"

आणि त्याचा हात जागीच थांबला. कारण हे वाक्य त्याचं नव्हतं. हे रघुनाथरावांचं वाक्य होतं.

गुलाब रामाकोन्याला रघुनाथरावांकडे सालदार होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेला शेतगडी. पाडव्याला साल ठरायचं आणि पुढच्या पाडव्याला संपायचं. रघुनाथराव काही वाईट माणूस नव्हता. त्यानं कधी शिवी दिली नाही, कधी हात उगारला नाही. पाडव्याला ओसरीवर बसून तो मोठ्या आवाजात विचारायचा, "बोल गुलाब, औंदा काय घेशीन?" गुलाब खाली अंगणात उकिडवा बसलेला असायचा. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणायचा, "तुमीच सांगा मालक." मालक सांगायचे आणि साल ठरायचं. त्याच अंगणात देवीदास नावाचा दुसरा गडी कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. "ज्वारी वाढवा, नवा जोडा पाह्यजे, घोंगडी पाह्यजे. नाहीतर आपला रामराम, दुसऱ्याच्या वावरात चाललो." आणि देवीदासला जोडाही मिळायचा आणि घोंगडीही.

सौंसरच्या शाळेत जाणारा प्रकाश बाजूला उभा राहून हे बघायचा आणि आतल्या आत जळायचा. एका पाडव्याला घरी परत जाताना तो बापावर ओरडलाच, "बा, तू काऊन नाही मांगत? तोंड नाही काय तुले?" गुलाब काही बोलला नाही, नुसता चालत राहिला. ते न बोलणं प्रकाशनं बापाला कधी माफ केलं नाही. पुढं नोकरी लागली, आई गेली, बापाला पांढुर्ण्याला आणलं, औषधपाणी सगळं केलं. पण मनातला तो राग तसाच होता. गंमत बघा, बापावर राग आणि बापासारख्या सगळ्या मुक्या माणसांवर जीव, असं विचित्र मिश्रण होऊन बसलं होतं या माणसाचं.

त्यानं स्क्रीन खाली सरकवली. शेवटच्या पाळीतली पोरं ओळीनं होती. कोणाचीच काही मागणी नव्हती. प्रकाशला ती सगळी अंगणात उकिडवी बसलेली दिसायला लागली. 'खरे नाहीत ते,' त्यानं स्वतःला बजावलं. 'टीम जाईन. प्रतीकचा फोन जाईन.' एकदा नाही, पुन्हा पुन्हा बजावलं. उठून पाणी पिऊन आला. आणि मग त्यानं शेवटच्या पोरापासून सुरुवात केली. प्रत्येकाला नीट, पोटभर दिलं. जे उरलं ते सगळंच्या सगळं, एक छदामही मागं न ठेवता, लंबूपुढं ठेवलं. घासाघीस नाही, खोटं नाही. "इतकंच आहे बाबू," तो स्क्रीनला म्हणाला.

थोड्या वेळानं उत्तर आलं. लंबू कॉलेजात चालला होता.

फोन वाजला. प्रतीक ऑफिसातून नुकताच निघाला होता. "पप्पा, झालं काय लंबूचं?"

"गेला."

पलीकडं गाड्यांचे हॉर्न वाजत होते. "पुन्हा शेवटून सुरू केलं न तुमी?"

"हो."

"काऊन पप्पा? माहीत होतं न टीम जाईन म्हनून?"

आणि प्रकाशमधला इतक्या वर्षांचा मुका बाप एकदम उसळला. "माहीत होतं! माहीत कसं नव्हतं? टीम गेली का तुहा फोन बंद होईन, हेच भेव घेऊन बसलो आहो मी सकाळपासून! आता काय बोलशीन तू माह्यासंगं? जेवला काय आन् मम्मीले देऊ काय, इतकंच न? पर नाही जमलं मले. ते पोट्टे काही मांगत नाहीत, आन् मले त्याहिच्यात तुह्या आबाचं तोंड दिसते. मी काय करू?" मग त्यानं सगळं सांगून टाकलं. ते अंगण, तो पाडवा, देवीदासची घोंगडी, बापाचा तो मातीत फिरणारा अंगठा. उभा राहून, हातवारे करत, इतक्या मोठ्यानं की अर्ध्या कानाच्या माणसालाही ऐकू जावं. बाप मागंच बसला आहे, याचं त्याला भानच राहिलं नाही.

प्रतीकनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पप्पा, मी टीमसाठी फोन करतो, असं वाटलं तुमाले?"

"मंग कायसाठी करतं?"

"तुमच्यासंगं बोलाले. मले तरी दुसरं काय बोलाव ते कुठं येते?" आणि लगेच म्हणाला, "आबा आहेत काय तिथं? फोन मोठ्यानं लावा."

प्रकाश दचकून मागं वळला. म्हातारा खुर्चीत ताठ बसून त्याच्याकडेच बघत होता. मोठ्यानं लावलेल्या फोनमधून प्रतीक ओरडून विचारत होता, "आबा! ते मालक इचारत जात तवा तुमी काऊन काही नाही मांगत जा?"

"राहू दे रे, नाही बोलनार तो," प्रकाश म्हणाला.

"मांगाचं होतं न," गुलाब म्हणाला.

शोभा पिठाचे हात घेऊन दारात आली. प्रकाशनं विचारलं, "काय मांगाचं होतं बा?"

"सुट्टी." म्हातारा सावकाश, थांबत थांबत बोलत होता. "तू सौंसरले कबड्डी खेळे न. सारे येऊन सांगत, गुलाब, तुहा पोट्टा कोनाच्या हातात सापडत नाही. मले एक डाव पाह्याचा होता. म्हनून मी दान्याचं, जोड्याचं नाव नाही काढो. म्हनो, मालकाले खूश राहू दे, मंग सुट्टी मांगतो. आन् मांगाची येळ आली का वाटे, सालदार खेळ पाह्याले सुट्टी मांगते म्हनून हासतीन सारे. असं करता करता राहूनच गेलं. मंग तुहं खेळनंच सुटलं."

प्रकाशला वाटायचं, आपण कबड्डी खेळतो हे बापाच्या गावीही नाही. सामन्याच्या दिवशी बाकीच्यांचे बाप मैदानाच्या कडेला उभे असायचे आणि हा त्यांच्याकडं बघायचंच टाळायचा. आणि बाप तर त्या एका डावासाठी साल साल तोंड शिवून बसला होता. ज्या मुकेपणाचा त्यानं जन्मभर राग केला, तो त्याच्याचसाठी होता! प्रकाश लहान पोरासारखा रडला.

"आता रडतं कायले?" गुलाब म्हणाला. "तवा नाही पाह्यता आलं. आता पाहून राहिलो न रोज." आणि त्यानं कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. शोभानं पिठाच्या हातानंच डोळे पुसले आणि सगळ्यांवर खेकसली, की भाकरी करपून राहिली तिकडं.

सोमवारी टीम गेली. कुलदीपनं शब्द पाळला; पोरगा शिस्तीचा, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. संध्याकाळी प्रकाश कामावरून आला, हातपाय धुतले, आणि कॉम्प्युटरकडं पाठ करून बसून राहिला. थोड्या वेळानं खुर्ची फरफटल्याचा आवाज आला. गुलाब दाराजवळ येऊन बसला होता.

"आज खेळ नाही काय?" त्यानं विचारलं.

प्रकाश सांगायला वळला. तेवढ्यात फोन वाजला. "पप्पा, बसले काय नुसते? कॉम्प्युटर चालू करा," प्रतीक म्हणत होता. "नवी टीम बनवली. ही आपली आपल्यातच आहे, कोनी काढू शकत नाही. नाव रामाकोनाच ठेवलं. सारे पोट्टे नव्यानं निवडाचे आहेत. पहिला कोन घ्याचा ते आबाले इचारा."

प्रकाशनं कॉम्प्युटर लावला. पोरांचे चेहरे ओळीनं उजळले. तो मागं वळला. 'बोल' हा शब्द अगदी ओठांवर आला होता, तो त्यानं गिळला. उठून बापाजवळ गेला, त्याच्यापुढं खाली बसला, आणि हळूच म्हणाला, "बा, तुले काय पाह्यजे?"

गुलाबनं मान खाली घातली. त्याचा अंगठा फरशीवर फिरायला लागला. प्रकाश थांबला. फोनमध्ये प्रतीकही थांबला होता.

"खुर्ची थोडी समोर घेऊ काय?" म्हाताऱ्यानं विचारलं. "इथून बराबर दिसत नाही."